पदवी पूर्ण झाली, हे कोण ठरवतं?

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला शिकणारी मुलगी आपल्या लॉगिनमधून एक पान उघडते. वर लिहिलेलं असतं: लागणारी क्रेडिट्स १२०, मिळालेली १२४. म्हणजे चार जास्तच. तरीही खाली एका ओळीसमोर लाल, रिकामी खूण आहे आणि तिच्या बाजूला 'स्टिल नीडेड' असं लिहिलंय. अजून काहीतरी हवंय. काय, तर इतिहासाचा ३०० किंवा त्याच्या वरच्या पातळीचा एक कोर्स. तिने इतिहासाचे तीन कोर्स केलेत, पण तिन्ही २०० च्या पातळीचे. बेरीज पुरी झाली, पदवी मात्र अडली.

हे पान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तिकडे 'डिग्री ऑडिट' म्हणतात. त्यातलं नावाजलेलं म्हणजे एलुशियन कंपनीचं 'डिग्री वर्क्स'. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीसारखी लाखो विद्यार्थ्यांची संस्था ते वापरते. त्याआधी, १९८० च्या दशकात, मायामी युनिव्हर्सिटीने 'डार्स' नावाची अशीच व्यवस्था उभी केली आणि पुढे ती इतर अनेक विद्यापीठांनी घेतली. (ही मायामी फ्लोरिडातली नव्हे, ती ओहायोत, ऑक्सफर्ड नावाच्या गावात आहे. अमेरिकेत गावांची नावं अशीच चकवतात.)

आपल्याकडे जुन्या पद्धतीत शिकलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की यासाठी सॉफ्टवेअर कशाला हवं? एफवाय, एसवाय, टीवाय, ठरलेले पेपर, सगळे पेपर सुटले की पदवी. एखादा राहिला तर एटीकेटी. विद्यापीठाच्या लेजरमध्ये एका ओळीत विद्यार्थ्याचं सगळं काही मावायचं, कारण वर्गातले सगळे जवळजवळ तेच विषय घेत होते. तिथे वर्ष हे माप होतं. विद्यार्थ्याने काय निवडलं हे तपासायची वेळच फारशी येत नव्हती, कारण निवडायला फारसं काही नव्हतंच.

अमेरिकेत ही शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडली. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष असलेल्या चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक दिली, आणि दोन विद्यार्थ्यांची पदवी एकच असली तरी त्यांनी शिकलेले विषय वेगळे असू लागले. मग दोघांनी सारखंच शिक्षण घेतलं हे कशावरून म्हणायचं? त्यासाठी मापाचं एकक लागलं. ते मिळालं एका पेन्शन योजनेतून. अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कार्नेगी फाउंडेशनने १९०६ च्या सुमारास कॉलेजच्या प्राध्यापकांना फुकट पेन्शन देऊ केली, पण अट घातली: प्रवेशासाठी शाळेतल्या अभ्यासाची ठरावीक 'युनिट्स' मागा. एक युनिट म्हणजे एका विषयाचे साधारण १२० तास. पेन्शन कोणाला नको असते? पुढे १९१० मध्ये याच फाउंडेशनसाठी मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याने कॉलेजांच्या कार्यक्षमतेवर अहवाल लिहिला. कुक हा कारखान्यातल्या कामाचं घड्याळ लावून मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा सहकारी. त्याने सुचवलेला 'स्टुडंट अवर', म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास, हा आजच्या क्रेडिटचा पूर्वज. सत्राला १५ क्रेडिट्स, आठ सत्रं, झाली १२०. शिक्षणाचं हे माप मुळात शिकणाऱ्यासाठी शोधलेलं नव्हतं, हे मला नेहमीच थोडं गमतीचं वाटत आलंय.

आता त्या सॉफ्टवेअरच्या आत डोकावू. विद्यार्थ्याच्या नोंदीत 'पदवी' असा एक रकाना असेल आणि त्यात 'झाली' किंवा 'नाही झाली' असं लिहिलेलं असेल, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. अमेरिकेत खूप ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या 'बॅनर' या विद्यार्थी-नोंदणीच्या प्रणालीत विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम एका तक्त्यात असतो आणि त्यातली 'अभ्यासक्षेत्रं' दुसऱ्या तक्त्यात. पहिल्यात पातळी (पदवीपूर्व की पदव्युत्तर), कोणतं कॉलेज, कोणती पदवी. दुसऱ्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) आणि मेजरच्या आतली एखादी खास शाखा; यातलं काहीही एकाहून जास्त असू शकतं. पदवीची स्वतःची नोंद तिसरीकडेच असते आणि तिच्यावर बराच काळ 'पदवी घ्यायची आहे' अशा अर्थाचा एक शिक्का बसलेला असतो. तो 'दिली' असा बदलतो अगदी शेवटी, आणि तो रजिस्ट्रारच्या ऑफिसातला माणूस बदलतो. सॉफ्टवेअरला तो अधिकार नसतो.

मग ऑडिट कशाचं करतात? अटींचं. डिग्री वर्क्समध्ये या अटी 'ब्लॉक'मध्ये लिहिलेल्या असतात. पदवीचा एक ब्लॉक, मेजरचा एक, मायनरचा एक, सर्वांना लागू असलेल्या सामान्य शिक्षणाचा आणखी एक. पदवीचा ब्लॉक वरचा. तो म्हणतो, एकूण १२० क्रेडिट्स हवीत, सरासरी २.० च्या खाली नको, इतकी क्रेडिट्स याच विद्यापीठात मिळवलेली हवीत, आणि शिवाय एक मेजरचा ब्लॉक पूर्ण हवा. तो मेजरचा ब्लॉक आपल्या अटी सांगतो. असं एकातून दुसऱ्यात उतरत जायचं.

या अटी 'स्क्राइब' नावाच्या छोट्या भाषेत लिहितात. तिच्यातली एक ओळ उच्चारात वाचली तर अशी: 'वन क्लास इन हिस्ट ३@, ४@'. इतिहासाचा एक कोर्स, ज्याचा क्रमांक ३ ने किंवा ४ ने सुरू होतो. @ म्हणजे 'पुढे काहीही चालेल'. स्वल्पविराम म्हणजे 'किंवा', अधिकचं चिन्ह म्हणजे 'आणि'. स्वल्पविरामाच्या जागी चुकून अधिकचं चिन्ह पडलं, तर ज्यांना दोनपैकी एक कोर्स पुरणार होता त्या सगळ्यांना पडद्यावर दोन्ही लागतील. वर सांगितलेल्या मुलीची लाल खूण अशाच एका ओळीतून आली. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात प्राध्यापकांनी सुबक इंग्रजीत लिहिलेलं एक वाक्य कोणीतरी या भाषेत उतरवलं, आणि तेव्हापासून व्यवहारात त्या वाक्याचा अर्थ ही ओळ सांगते तोच. विभागाच्या मीटिंगमध्ये 'साधारण तसाच एखादा विषय' असं म्हणून भागतं. स्क्राइबला 'साधारण' कळत नाही. ब्लॉक लिहिणारा माणूस विभागप्रमुखाला फोन करून विचारतो, "तसाच म्हणजे नक्की कोणते?", आणि पुष्कळदा त्या दिवशी विभागाला पहिल्यांदाच ते ठरवावं लागतं.

प्रत्येक ब्लॉकला एक साल चिकटलेलं असतं. याला 'कॅटलॉग इयर' म्हणतात. २०२२ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला २०२२ च्या माहितीपुस्तकातल्या अटी लागू. २०२४ मध्ये विभागाने मेजरला आणखी दोन कोर्स जोडले तर ते त्याच्या डोक्यावर बसत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअरला एकाच मेजरचे पाच-सहा वर्षांचे ब्लॉक जिवंत ठेवावे लागतात, आणि आठ वर्षांनी परत आलेल्या विद्यार्थ्यासाठी त्याहून जुना शोधावा लागतो. आपल्याकडे 'जुना कोर्स', 'नवा कोर्स' आणि त्यांची समकक्षता यांची परिपत्रकं निघतात, ती याच गोष्टीसाठी. फरक इतकाच की तिथे वचन साल लिहून कोडमध्ये बसवलेलं असतं, इथे ते बहुतेक वेळा परिपत्रकात आणि जुन्या क्लार्कच्या डोक्यात असतं.

आता या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. अटी लिहून झाल्या, कोर्स नोंदवून झाले. कोणता कोर्स कोणत्या अटीत बसवायचा? समजा एका विद्यार्थ्याला तीन अटी पुऱ्या करायच्या आहेत: सामाजिक शास्त्रातला एक कोर्स, संख्याशास्त्राचा एक आणि पर्यावरणाचा एक. त्याने तीन कोर्स केलेत: 'पर्यावरणाचं अर्थशास्त्र', 'आधुनिक भारताचा इतिहास' आणि 'अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र'. सॉफ्टवेअर वरून खाली वाचत गेलं आणि 'पर्यावरणाचं अर्थशास्त्र' दिसताच त्याने ते सामाजिक शास्त्राच्या अटीत टाकलं. चूक नाही, अर्थशास्त्र सामाजिक शास्त्रच आहे. पण आता पर्यावरणाची अट रिकामी, इतिहासाला जागा नाही, आणि पडद्यावर लाल खूण. खरं तर इतिहास सामाजिक शास्त्रात टाकला असता तर तिन्ही अटी पुऱ्या झाल्या असत्या. मुलगा मात्र घाबरून पुढच्या सत्रात पर्यावरणाचा आणखी एक कोर्स घेतो आणि त्याची फी भरतो.

गणितात हा प्रश्न जुना आहे. दोन बाजूंच्या वस्तूंच्या जोड्या लावायच्या, कोणीही उपाशी राहू नये, हे कधी जमतं याची अट फिलिप हॉल यांनी १९३५ मध्ये सिद्ध केली. प्रत्येक जोडीला किंमत असेल तर सर्वांत चांगली वाटणी झटपट शोधायची रीत हॅरॉल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली आणि दोन हंगेरियन गणितज्ञांच्या आधीच्या कामाची आठवण म्हणून तिला 'हंगेरियन पद्धत' म्हटलं. एक कोर्स, एक अट, एवढंच असतं तर काम सोपं होतं. पण खऱ्या पदव्या तशा नसतात. काही कोर्स मेजरमध्ये आणि सामान्य शिक्षणात दोन्हीकडे चालतात. मेजर आणि मायनरमध्ये जास्तीत जास्त दोनच कोर्स सामाईक असावेत, अशी एखादी अट असते. कुठे कोर्स मोजायचे नसतात, क्रेडिट्स मोजायची असतात, आणि ३ क्रेडिट्सच्या व ४ क्रेडिट्सच्या कोर्समधून नेमकी १५ जुळवायची असतात. असे नियम जसजसे साठत जातात तसतशी सर्वोत्तम वाटणी शोधणं संगणकालाही जड जातं. म्हणून ही सॉफ्टवेअरं बऱ्यापैकी चांगली वाटणी शोधून थांबतात. जो कोर्स कुठेच बसत नाही तो पानाच्या तळाशी 'फॉल थ्रू'च्या यादीत जाऊन पडतो. जाणकार सल्लागार ऑडिट वाचताना आधी ही तळाची यादी बघतात, असं म्हणतात. मला ते पटतं. अडकलेला विद्यार्थी बहुधा तिथेच सापडतो.

आणि मग येतात अपवाद. दुसऱ्या विद्यापीठातून आणलेला कोर्स जवळपास तोच असतो. एखादा कोर्स त्या वर्षी शिकवलाच गेला नाही. विभागप्रमुख म्हणतात, त्याऐवजी हा धरा. डिग्री वर्क्समध्ये यासाठी ठरलेले मार्ग आहेत: एका कोर्सऐवजी दुसरा धरणं, एखादा कोर्स मुद्दाम एका अटीत बसवणं, किंवा अट पुरी झाली असं सरळ जाहीर करणं, ज्याला 'फोर्स कम्प्लीट' म्हणतात. हे करणाऱ्याचं नाव, तारीख आणि कारण नोंदलं जातं. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोलाचा भाग हाच. नियम कुठेही लिहून ठेवता येतात. नियमाला दिलेली सूट कोणी, कोणाला आणि का दिली, हे मागे राहणं दुर्मीळ.

एवढी बारकाई कशासाठी, असं वाटेल. पैशासाठी. अमेरिकेत सरकारी शिष्यवृत्ती आणि कर्ज विद्यार्थ्याच्या ठरलेल्या पदवीला लागू पडणाऱ्या कोर्सांनाच मिळतं. समजा एखाद्याने सत्राला १२ क्रेडिट्स घेतली, म्हणजे पूर्ण वेळ, पण त्यातला ३ क्रेडिट्सचा एक कोर्स त्याच्या पदवीत कुठेच बसत नाही. मदत ठरवताना तो ९ क्रेडिट्सचाच विद्यार्थी धरला जातो, पाऊण वेळ. 'कुठेच बसत नाही' हे कोण सांगतं, तर ऑडिट. स्क्राइबच्या एका ओळीचा परिणाम थेट हातात पडणाऱ्या रकमेवर होतो.

आपल्या घरांतली जी मुलं तिकडे एमएस करायला जातात, त्यांच्या बाबतीत याहून नाजूक एक गोष्ट आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाला सहा अंकी 'सिप' कोड असतो, संगणकशास्त्राचा ११.०७०१. हा कोड विद्यार्थ्याच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, छापून येतो. पदवीनंतर एफ-१ व्हिसावर साधारण १२ महिने काम करता येतं. कोड विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीतला असेल तर त्यात आणखी २४ महिन्यांची भर पडते. अर्थशास्त्राचा सर्वसाधारण कोड, ४५.०६०१, त्या यादीत नाही. अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा कोड, ४५.०६०३, आहे. अनेक विद्यापीठांनी आपल्या अर्थशास्त्राच्या पदवीला दुसरा कोड लावला. प्राध्यापक तेच, वर्ग तेच, पुष्कळदा पुस्तकंही तीच; बदलला तो एकच अंक, आणि विद्यार्थ्यांना दोन वर्षं जास्त मिळाली. प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर फी आणि शहर यांच्याआधी मेजरखालचा हा कोड वाचावा.

या सॉफ्टवेअरने एक चांगलं कामही केलं, ते बनवताना कोणाच्या डोक्यात नसावं. अमेरिकेत बरेच विद्यार्थी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करतात, तिथली 'असोसिएट' पदवी न घेताच विद्यापीठात जातात, आणि मग घरच्या अडचणीने मध्येच शिक्षण सोडतात. हातात काहीच नसतं. विद्यापीठात मिळवलेली क्रेडिट्स उलट दिशेने कॉलेजकडे पाठवून तिथलं ऑडिट पुन्हा चालवलं, तर कळतं की अनेकांनी ती पदवी केव्हाच मिळवली होती. कोणी विचारलंच नव्हतं. २०१२ पासून 'क्रेडिट व्हेन इट्स ड्यू' या उपक्रमातून बऱ्याच राज्यांनी असं शोधकाम केलं. हवाई विद्यापीठाने तर आपल्या 'स्टार' प्रणालीतून ते आपोआप व्हायची सोय केली.

आता महाराष्ट्राकडे वळायचं कारण असं, की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपलं ते जुनं, एका ओळीत मावणारं लेजर मोडीत काढलंय. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञान प्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजसेवेचा प्रकल्प: प्रत्येकाची टोपली वेगळी. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट्सवर (अधिक ४ क्रेडिट्सचं काम करून) सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्यानंतर ८० ते ८८ वर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर १२० ते १३२ वर पदवी आणि चौथ्यानंतर १६० ते १७६ वर ऑनर्स. सोडून गेलेल्याला ठरावीक मुदतीत परत येता येतं. याच्या जोडीला २०२१ पासून 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आहे. विद्यार्थ्याला १२ अंकी 'अपार' क्रमांक मिळतो, संस्था त्याच्या खात्यात क्रेडिट्स भरतात आणि ती डिजिलॉकरमध्ये दिसतात. क्रेडिट्स साधारण सात वर्षं टिकतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मी मिळवलेली असावी लागतात.

ही बँक चांगली आहे, पण ती पासबुक आहे, ऑडिट नव्हे. किती जमा आहे ते ती सांगते. त्यातून काय घेता येईल ते सांगत नाही. एक उदाहरण घेऊ. राज्याच्या आराखड्यात ओपन इलेक्टिव्ह हे मेजर ज्या विद्याशाखेतलं असेल तिच्या बाहेरचं घ्यायचं असतं. विज्ञान शाखेतल्या एका मुलीने वाणिज्यचं, वैयक्तिक गुंतवणुकीवरचं ओपन इलेक्टिव्ह घेतलं. २ क्रेडिट्स खात्यात जमा झाली. वर्षाने तिने शाखा बदलली आणि वाणिज्य शाखेत आली. आता तोच कोर्स तिच्या नव्या मेजरच्या विद्याशाखेतला झाला, त्यामुळे ओपन इलेक्टिव्हच्या टोपलीत तो बसत नाही. मेजरमध्ये धरायचा, तर तिथल्या सक्तीच्या कोर्सांत तो नाही. बँकेत २ क्रेडिट्स दिसतच राहतात, आणि सहाव्या सत्रात निकाल लावताना कोणाच्या तरी लक्षात येतं की ओपन इलेक्टिव्हची २ कमी आहेत.

डिग्री वर्क्समध्ये यासाठी 'व्हॉट-इफ' नावाचं बटण असतं. शाखा बदलायच्या आधी मुलगी नवं मेजर निवडते, आणि आतापर्यंतचे सगळे कोर्स नव्या अटींखाली पुन्हा लावून दाखवले जातात. कुठे काय वाया जाईल, ते अर्ज भरण्याआधी कळतं. आपल्याकडे अनेक कॉलेजांत हे काम आज परीक्षा विभागातला एखादा हुशार माणूस एक्सेलच्या शीटवर करतो, आणि तो बदलून गेला की ती शीटही त्याच्याबरोबर जाते. अशा बटणासाठी क्रेडिट्सची बँक पुरत नाही. प्रत्येक विद्यापीठाने प्रत्येक टोपलीच्या अटी साल घालून, 'साधारण' हा शब्द न वापरता, एका जागी लिहायला हव्यात. अभ्यास मंडळाच्या बैठकीत 'समकक्ष विषय चालेल' असा ठराव झाला, की त्याच बैठकीत कोणते, तेही कोर्स कोडसकट लिहून घ्यावं लागेल.